आम्ही नवरा-बायको दोघेही पुण्यात नोकरी करतो. 42 लाखांचं गृहकर्ज आणि एक मुलगी आहे. ओळखीचा एजंट मनीबॅक घ्या म्हणतोय. आयुर्विमा कोणता आणि किती घ्यावा? हप्ता मासिक की वार्षिक?

‘ओळखीचा एजंट’ एवढं वाचलं आणि लिहायला बसलो. आमच्याकडे तर सख्खा मामाच एजंट होता.

गाव कोरेगाव तालुक्यातलं. दादा चाकणला कंपनीत, वहिनी भोसरीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये. 2015 च्या गौरी-गणपतीला दोघं गावी आलेली. पुण्याजवळ मोशीला फ्लॅट घ्यायचं चाललं होतं, म्हणून मी साताऱ्याहून 50 लाखांच्या टर्मचं, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणाऱ्या विम्याचं, कोटेशन छापून नेलं. हप्ता वर्षाला साडेसात हजारांच्या आसपास. मामा सोप्यात लोडाला टेकून बसले होते. कागद लांब धरून वाचला नि म्हणाले, “आरं, मेलास तर पैसं आन् जगलास तर गंगार्पण! ह्याला काय विमा म्हणत्यात व्हय?” आतून आई ओरडली, “सणासुदीला कसली मरणाची बोलणी काढलीयासा?” संपला विषय. दादा नुसता हसला आणि आरती झाल्यावर मामांच्या मनीबॅकच्या (अधूनमधून थोडे पैसे परत देणाऱ्या विम्याच्या) फॉर्मवर सही करून मोकळा झाला. पहिला हप्ता मामा भरणार होते, भाच्याच्या प्रेमापोटी. एजंटाने कमिशनातून असा हप्ता सोडायला विमा कायद्याच्या कलम 41 ची बंदी आहे, हे मला फार उशिरा कळलं. तुमचा माणूसही “पहिला हप्ता माझ्याकडं लागला” म्हणेल, बघा.

2019 च्या फेब्रुवारीत दादा गेला. हार्ट अटॅक, वय 38.

कपाटातून चार पॉलिस्या निघाल्या. सगळ्यांचा मिळून हप्ता वर्षाला 52 हजार आणि विमा आठ लाख. त्यातली गणपतीतली, दोन लाखांची, फ्लॅटच्या ओढाताणीत तिसराच हप्ता थकून बंद पडलेली. तिचा रुपया आला नाही. बाकी तिघींचे बोनस धरून सात लाख दहा हजार आले. पीएफबरोबर जो विमा आपोआप असतो त्याचे सहा लाख आले (आता ती मर्यादा सात लाख आहे). त्याचा हप्ता कंपनी भरते, दादाच्या खिशातून त्याला काही गेलं नव्हतं आणि कुणा मामाचीही गरज पडली नव्हती. समोर कर्ज 28 लाखांच्या वर, महिन्याचा हप्ता 26 हजार.

मी मामांना तेराव्यालाच बोललो. बोलायला नको होतं, पण बोललो. ते म्हणाले, “आठ लाख काय कमी हाईत काय रं?” मला राग आला, पण नंतर लक्षात आलं की माणूस खोटं बोलत नव्हता. कोरेगावात आठ लाख कमी नव्हतेच. घर वाडवडिलांचं, ज्वारी-गहू शेतातला, पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत. मामांनी जन्मभर त्या मापाने विमे उतरवले. दादाचा संसार मोशीच्या मापाने चालला होता, तिथं सोसायटीचा मेंटेनन्ससुद्धा आमच्या घरच्या किराण्याएवढा. शेवटी आबांनी धोमच्या कॅनॉलखालचं वीस गुंठं विकलं. ते गुंठं विकताना आबा काही बोलले नाहीत, हे मला जास्त लागलं.

सगळे वहिनीला म्हणत होते, फ्लॅट विक, गावाला ये. ती आली नाही. आज त्या घराचा उरलेला हप्ता तिच्या पगारातून जातो. आणि त्या चारांपैकी एकही पॉलिसी तिच्या नावाची नव्हती. “बाईमाणसाचा कशाला?” हेही मामाच.

तेव्हा तुमचं. कोणता, तर साधी टर्म, दोघांची वेगवेगळी, साठीपर्यंत पुरेल अशी. हप्ते परत देणारी टर्म नको, तीही मनीबॅकची चुलत बहीणच. किती, तर एजंट “महिन्याला किती जमंल?” विचारतो, तिथंच त्याला थांबवा. उद्या एक पगार बंद झाला तर किती लागेल, हे धरा. कर्ज दोघांच्या नावावर असलं तरी बँक मागे राहिलेल्याकडून अख्खं वसूल करते, म्हणून 42 लाख दोघांच्याही विम्यात पूर्ण धरायचे. त्यावर घरखर्च. महिना 40 हजार धरले तर पंधरा वर्षांचे 72 लाख. शिल्लक वजा करा, ज्याचा पगार कमी त्याचं खर्चाचं माप थोडं कमी करा. तरी दोघांचेही प्रत्येकी कोटीच्या आसपास निघतील. घाबरू नका, टर्मला तेवढा हप्ता दोन पगारांत निघतो. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा 18 टक्के जीएसटीही गेला. बँकेतून कापली जाणारी 436 रुपयांची प्रधानमंत्री जीवनज्योती असू द्या, पण ते दोनच लाख.

बँकेने कर्जाबरोबर एकरकमी विमा गळ्यात मारून त्याचा हप्ता कर्जातच मिळवला असेल तर कागद काढून वाचा. मी पतसंस्थेत नोकरीला आहे, असले कागद रोज बघतो.

फॉर्म भरताना खरं लिहा. आपल्याकडे तंबाखू-मिसरीला कुणी व्यसन म्हणत नाही, विमा कंपनी म्हणते. कलम 45 प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत कंपनी लपवलेलं उकरून काढू शकते. तुम्ही स्वतः फॉर्म भरताना विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी घ्यायची का तेही तेव्हाच ठरवा, नंतर होत नाही. त्याखाली घेतली तर पैसा बायको-मुलीचाच राहतो, पुढे धंद्यात उसनवारी झाली तरी पैसे उसने देणाऱ्यांना त्याला हात लावता येत नाही.

आता मामांचीही बाजू सांगतो, नाहीतर आई मला घरात घेणार नाही. क्लेमसाठी तेच एसटीने तीनदा पुण्याला गेले, दाखले, सह्या, सगळं त्यांनी केलं. ऑनलाइन घेतलेल्या टर्मला असा माणूस नसतो, म्हणून कागद कुठे आहेत ते बायकोला आणि एखाद्या भावाला आजच दाखवून ठेवा. आणि हातात पैसा टिकतच नसेल तर मनीबॅकने निदान सक्तीची बचत होते, हेही खरं. पण ती बचत समजून घ्या. तिला विमा म्हणू नका, मामा.

मासिक की वार्षिक, हे राहिलंच. वार्षिक. मासिकाला हप्ता चुकला की 15 दिवसांची सवलत, वार्षिकाला 30. आणि ज्या महिन्यात बोनस येतो त्याच महिन्यात तारीख पाडून घ्या, दादाची जूनमध्ये शाळेच्या फीच्या तोंडावर यायची.