दोरूमध्ये येऊन कोरडी लाल वाइन करायची असेल तर

तुमचा प्रश्न मला असा समजला: नाशिकच्या वायनरीत काही हंगाम काढलेत, आता पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यात येऊन पोर्ट (इथली मद्यार्क घातलेली गोड वाइन) नव्हे, तर वरून मद्यार्क न घातलेली, साखर न उरलेली म्हणजे कोरडी, उत्तम लाल वाइन करायची आहे, आणि साठवलेल्या पैशांतून इथे छोटी द्राक्षबाग घ्यावी का, हे ठरत नाहीये. मी निफाडची. बरीच वर्षं या खोऱ्यातल्या पिन्यांव गावाच्या वरच्या अंगाला एका वायनरीत काम करते आहे. माझं उत्तर: जरूर या, पण बाग इतक्यात घेऊ नका.

आधी पोर्टचं गणित समजून घ्या, कारण इथली जमीन, भाव आणि नियम सगळे त्याभोवती उभे आहेत. (गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून मिळणारी स्वस्त बाटली डोक्यातून काढून टाका, तिचा या खोऱ्याशी संबंध नाही.) १७५६ साली पोर्तुगालच्या तेव्हाच्या बलाढ्य मंत्र्याने, पोंबालच्या मार्किशने, या प्रदेशाची हद्द आखून दिली. पोर्टसाठी रस दोन-तीन दिवस आंबतो, साधारण निम्मी साखर उरलेली असताना त्यात ७७ टक्क्यांचा द्राक्षमद्यार्क ओततात आणि आंबणं थांबतं. जुना हिशेब ४३५ लिटर रसाला ११५ लिटर मद्यार्क, म्हणजे ५५० लिटरचा एक ‘पीपा’. दर वर्षी किती पीपे रसात मद्यार्क घालायची परवानगी आहे ते ‘दोरू आणि पोर्ट वाइन संस्था’ या सरकारी संस्थेत ठरतं. याला इथे ‘बेनेफिसियु’ म्हणतात. २०२४ मध्ये तो ९० हजार पीपे होता, २०२५ मध्ये ७५ हजारांवर आणला. परवानगीतल्या द्राक्षांना चांगला भाव मिळतो. त्याच बागेतला उरलेला माल कोरड्या वाइनसाठी जातो तेव्हा भाव पडतो, आणि खर्चही निघत नाही अशी शेतकऱ्यांची तक्रार असते. परवानगी घटते आहे, मजूर महाग होताहेत, दगडी बांधांवरच्या पायऱ्यांवर यंत्र चालत नाही. अशा वेळी नवख्याने बाग घेणं म्हणजे पहिल्याच वर्षी भांडवल अडकवणं.

आता मुख्य मुद्दा. इथे प्रत्येक बागेला ए, बी, सी अशा अक्षरांची श्रेणी असते, ए सर्वांत वरची. विकणारा ती श्रेणी अभिमानाने दाखवेल. पण ही गुणांकन पद्धत बसवली गेली पोर्टसाठी. नदीकाठची, खालची, तापणारी जमीन तिथे वर चढते; उंचावरच्या बागेचे गुण कापले जातात. कोरड्या वाइनला बहुतेक वेळा याच्या उलट हवं असतं: चारशे-पाचशे मीटरवरची, उत्तरेकडे तोंड असलेली, रात्री गार होणारी जागा. पोर्टमध्ये साखर आणि मद्यार्क पुष्कळ काही झाकून घेतात. कोरड्या वाइनमध्ये आंबटपणा कमी पडला की सगळं सपाट होतं. म्हणून श्रेणीचं अक्षर बघून भारावून जाऊ नका. उंची, उतार कोणत्या दिशेला आणि वेली किती जुन्या, हे विचारा.

ही अक्कल नवी नाही. १९५२ मध्ये फेरैरा या पोर्ट कंपनीच्या फर्नांदो निकोलाउ द आल्मेइदांनी ‘बार्का वेल्या’ ही कोरडी लाल वाइन केली, तेव्हा दोरू सुपेरिओर या खोऱ्याच्या पूर्व भागातल्या, तापलेल्या व्हाल मेआंव बागेच्या द्राक्षांना त्यांनी उंचावरच्या मेदा भागातल्या द्राक्षांची जोड दिली होती. खोऱ्यात वीज नव्हती. आंबणारा रस थंड ठेवायला समुद्रकाठच्या मातोझिन्युशहून ट्रकने बर्फ आणावा लागे. आजही ती वाइन फक्त निवडक वर्षांची बाहेर पडते. तरीही कोरड्या वाइनची खरी लाट यायला १९८६ उजाडावं लागलं. तोवर पोर्ट निर्यात करायचं तर माल पोर्तो शहरासमोरच्या व्हिला नोव्हा दे गायातूनच जावा लागे, म्हणून खोऱ्यातल्या छोट्या मालकांना आपल्या नावाची बाटली काढायला फारसं कारण नव्हतं. नियम बदलला, पोर्तुगाल युरोपीय समुदायात आला, आणि नव्वदच्या दशकात नीपोर्ट, क्राश्तु, व्हालादु या वायनऱ्यांची नावं लाल वाइनसाठी ऐकू येऊ लागली. २०११ च्या हंगामाची ‘क्रिझेया’ आणि ‘किंता दु व्हाल मेआंव’ या दोन कोरड्या लाल वाइन एका मोठ्या अमेरिकी मासिकाच्या २०१४ च्या सर्वोत्तम वाइनच्या यादीत तिसऱ्या आणि चौथ्या आल्या. पहिली आलेली बाटलीही दोरूचीच, पण पोर्ट.

कामाबद्दल. नाशिकला तुम्ही गोडी (फळांसाठीची) छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात करता, माल जानेवारी ते मार्चमध्ये तुटतो. इथे छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात. तोडणी ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. फळ पिकतं तो काळ चाळीस अंशांचा. एवढ्या उन्हात वेल काम बंद करते, मणी सुकून साखर वर चढते, पण साल आणि बी पिकण्यात मागे राहतात. नुसतं ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) मोजून तारीख ठरवलीत तर पंधरा टक्क्यांची जड वाइन हाती येईल. मणी चावून बघायची सवय लावा. आमच्याकडे तोडणीआधीचे दोन आठवडे रोज सकाळी तेच चालतं. जुन्या बागांना ठिबक नाही. शिस्ट खडक उभा फुटतो, मुळं त्या भेगांतून खोल जातात, आणि अशा वेलींचा माल थोडाच असला तरी उन्हात टिकून राहतो.

दुसरी गोष्ट पिळण्याची. पोर्टवाल्यांकडे दोन-तीन दिवसांत सगळा रंग आणि तुरटपणा काढायचा असतो, म्हणून ग्रॅनाइटच्या ‘लागार’ हौदांत पायाने जोरात तुडवतात. कोरडी वाइन सालीवर दोन-तीन आठवडे राहू शकते. तिथे तेवढाच जोर लावलात तर तोंड आखडून जाईल, कारण तुरटपणा झाकायला साखर उरलेली नसते. हलकं तुडवा, लवकर थांबा, तापमान धरून ठेवा. जुन्या बागांच्या रसात नत्र कमी आणि साखर जास्त, त्यामुळे आंबणं मध्येच अडकतं. यीस्टच्या पोषणाकडे नाशिकपेक्षा जास्त लक्ष द्यावं लागतं.

जातींमध्ये सगळे टुरिगा नासिओनालच्या मागे आहेत. ती सुंदर आहे, पण एकटी बाटलीत भरली की अतिसुगंधी होते असं माझं मत. मला टुरिगा फ्रांका आवडते, आणि सर्वांत जास्त आवडतात त्या जुन्या मिश्र बागा, जिथे वीसहून अधिक जाती शेजारी शेजारी उभ्या असतात आणि एकत्रच तुटतात. अशा बागा म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडे आहेत, त्यांची मुलं पोर्तोला किंवा फ्रान्सला गेलीत. त्यांच्याकडून योग्य भावाने द्राक्षं घ्या, एखाद्या वायनरीत टाकी भाड्याने घ्या, हजारभर बाटल्यांपासून सुरू करा. बाटलीवर ‘दोरू’ नाव लावायला त्याच दोरू-पोर्ट वाइन संस्थेच्या चवमंडळाची परीक्षा पार करावी लागते. नाही जमलं तर ‘दुरियेन्स’ या प्रादेशिक नावाने विकता येतं.

व्हिसाचं स्पष्ट सांगते: पर्यटक म्हणून येऊन इथे कागद करून घेण्याची वाट जून २०२४ मध्ये बंद झाली. कोणी एजंट अजून ती वाट विकत असेल तर पैसे देऊ नका. हंगामी कामाचा करार घेऊन या, किंवा व्हिला रियालच्या विद्यापीठात वाइनशास्त्र शिकायला या. किमान पगार २०२५ मध्ये महिना ८७० युरो होता, वर्षातून चौदा वेळा मिळतो. सुरुवातीला त्याच्या आसपासच धरा. ठेकेदारामार्फत येणाऱ्या मजुरांची इथे फसवणूक झालेली मी पाहिली आहे. करार लेखी, सामाजिक सुरक्षेची नोंद आणि कर क्रमांक हातात असल्याशिवाय निघू नका.

सौ.ना आणणार असाल तर घर व्हिला रियाल किंवा रेग्वा या शहरांत बघा. वरच्या गावांत हिवाळ्यात संध्याकाळी बोलायला माणूस मिळत नाही, आणि तुम्ही तोडणीत असताना त्या एकट्या पडतील. पोर्तुगीज आत्तापासून शिका. इंग्रजीवर वायनरीत भागेल, बागेत अजिबात नाही.

तुमच्यासाठी एक सोय आहे. नाशिकची तोडणी मार्चमध्ये संपते, इथली ऑगस्टअखेर सुरू होते. नोकरी न सोडता, रजा घेऊन एक हंगाम इथे करता येईल. वायनऱ्यांना अर्ज फेब्रुवारीतच पाठवा, मेपर्यंत जागा भरतात. अर्जात पदवीपेक्षा टाकी, पंप आणि प्रेसवर स्वतः काय काम केलंय ते लिहा, तेच आधी वाचलं जातं.