वाचकांचे प्रश्न : एका दिवसाच्या मुंबई सहलीत काय पाहावे?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. नववीच्या ४२ मुलांना जानेवारीत मुंबईला न्यायचे आहे. आदल्या रात्री दादरला मुक्काम असून हाती एकच दिवस आहे. गेटवे ऑफ इंडियापासून राणीच्या बागेपर्यंत नऊ ठिकाणांची यादी पालकांना कळवली आहे. हे जमेल का?

उत्तर : नऊ ठिकाणांपुढे खुणा करणे जमेल, पाहणे जमणार नाही. राणीची बाग आणि तत्सम ठिकाणे या खेपेस गाळावीत, ही माझी पहिली विनंती. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून गेटवेपर्यंत साधारण अडीच किलोमीटरचे अंतर आहे, आणि तुमच्या दोन्ही विषयांचा बराचसा अभ्यासक्रम याच पट्ट्यात उभा आहे. तेव्हा मुलांना सकाळी टर्मिनसजवळ उतरवून बस पुढे पाठवा आणि हे अंतर पायीच चाला.

टर्मिनसची इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाची आहे. तिचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. मुलांना आधी घुमटाकडे न पाहू देता प्रवेशद्वाराच्या खांबांपाशी थांबवा. एका खांबावर सिंह आहे आणि दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. राज्य कोणाचे आणि देश कोणाचा, हे दगडात असे शेजारी-शेजारी बसवलेले पाहिल्यावर वर्गात वेगळे समजावावे लागत नाही. समोर महानगरपालिकेची इमारत आहे. तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ मध्ये पूर्ण झालेली, आणि तिच्यापुढे फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे. एका बाजूला मध्य रेल्वेचे, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतले मुख्यालय आणि दुसऱ्या बाजूला स्थानिक स्वराज्य संस्था. मधला रस्ता ओलांडताना (भुयारी मार्गानेच, कृपया) शासनाची पातळी बदलते, हे मुलांना सांगून पाहा.

तिथून हुतात्मा चौक. १८६४ चे फ्लोरा फाउंटन आणि त्याच्या जवळच हाती मशाल घेतलेले शेतकरी व कामगार यांचे स्मारक, या दोहोंमध्ये जे अंतर आहे तोच खरा धडा आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर २१ नोव्हेंबर १९५५ रोजी झालेल्या गोळीबाराविषयी तुम्ही इथे उभ्याने पाच मिनिटे बोललात, तर १ मे ही तारीख मुलांना सुटीचा दिवस म्हणून तरी आठवणार नाही.

पुढे ओव्हल मैदानावर बसून डबे उघडा. पूर्वेला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, पश्चिमेला आर्ट डेको (विसाव्या शतकातील एक वास्तुशैली) इमारतींची रांग. २०१८ मध्ये हा सगळा समूह जागतिक वारसा ठरला. ज्या न्यायालयात २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली, ती हीच इमारत होय. कामकाजाच्या दिवशी शाळेच्या गटाला आत प्रवेश मिळेलच असे नाही, म्हणून बाहेरूनच पाहण्याची तयारी ठेवावी.

गेटवेला फार वेळ देऊ नका. १९११ मध्ये पंचम जॉर्ज आले तेव्हा ही कमान बांधलेलीच नव्हती, ती १९२४ मध्ये पुरी झाली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून बाहेर पडली, एवढे पुरे. मात्र तिकडे जाताना रीगल सिनेमाजवळची राज्य पोलीस मुख्यालयाची इमारत चुकवू नका. तीही स्टीव्हन्सने खलाशांसाठी बांधली होती आणि १९२८ पासून पुढे अनेक दशके विधिमंडळ तिथेच भरत असे.

प्रश्न (त्याच पत्रातून) : विधानभवन आतून दाखवता येईल का?

उत्तर : येईल, पण त्यासाठी पत्रव्यवहार आत्ताच करावा. विधिमंडळ सचिवालयाला शाळेच्या शीर्षपत्रावर लिहा आणि स्थानिक आमदारांच्या कार्यालयाशीही बोला. हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते, आणि जानेवारीत सहसा कोणतेच अधिवेशन नसते. त्यामुळे सभागृह रिकामे दिसेल. माझ्या मते नववीसाठी तेच बरे. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य हे आकडे मुलांना पाठ असतात. अध्यक्षांचे आसन कुठे, सत्ताधारी कुठे बसतात, विरोधक कुठे, हे रिकाम्या सभागृहात निवांत दाखवता येते.

पत्रातील संख्येबाबत एक अनुभव सांगतो. मी शिक्षक असताना एका शासकीय इमारतीसाठी ४० मुलांची परवानगी घेतली होती आणि ऐनवेळी ४३ मुले नेली. फाटकावरच्या हवालदाराने यादी बोटाने दोनदा मोजली आणि तिघांना बाहेर ठेवले. त्यांच्यासोबत मीही तासभर पदपथावर उभा होतो. त्यांतला एक जण मधूनमधून विचारत होता, "सर, ते आत काय बघत असतील?" तेव्हा नावांची यादी आणि शाळेची ओळखपत्रे आदल्या रात्री दादरलाच ताडून पाहा, आणि सोबतच्या शिक्षकांची नावेही त्याच यादीत घाला.