नवती पिवळी पडली तर युरियाची घाई करू नका

प्रश्न : काटोल तालुक्यात आठ वर्षांचा संत्र्याचा बगीचा आहे. नवती, म्हणजे नवी कोवळी पालवी, पिवळी निघते. युरिया दिला, सूक्ष्म अन्नद्रव्यांची बॅगही आळ्यात टाकली, पण फरक नाही. फोटो पाठवले आहेत.

उत्तर : भाऊ, नत्र कमी पडले की झाड जुन्या पानांतले नत्र ओढून शेंड्याला देते, म्हणून आधी खालची पाने पिवळी होतात. लोह आणि जस्त असे सहज सरकत नाहीत, त्यांची उणीव नवतीवरच दिसते. युरिया हे नत्राचे खत, म्हणजे तुमचा युरिया वाया गेला.

तुमच्या फोटोंत बहुतेक पाने नेहमीच्या आकाराची आहेत. शिरा हिरव्या, मधली जागा फिकट. हे लोह. दोन फांद्यांवर मात्र पाने बारीक, टोकदार आणि पेरी आखूड आहेत, ते जस्त.

आपल्या काळ्या जमिनीत लोहाचा तुटवडा क्वचितच असतो. पण चुनखडी असली आणि सामू (जमिनीचा पीएच) ८ च्या वर गेला की ते मुळांना घेता येत नाही. त्यात पाटाचे पाणी आळ्यात साचून राहिले तर आणखी बिघडते. तुमच्या तिसऱ्या फोटोत बुंध्याशी डबके दिसतेय. आधी चर काढून ते पाणी बाहेर घाला, औषध नंतर.

बॅगेवर ग्रेड १ लिहिले आहे की २, तेही बघा. १ जमिनीतून द्यायचा, २ फवारणीचा. दुकानदार हाताला लागेल ते देतो.

जस्तासाठी १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि त्याच्या निम्मा चुना. दोन्ही वेगवेगळे विरघळवा, गाळून एकत्र करा. लोहासाठी ७५ ग्रॅम फेरस सल्फेट, सोबत १५ ग्रॅम सायट्रिक आम्ल. आम्ल पाण्यात आधी टाका. विहिरीच्या जड पाण्यात नुसते फेरस सल्फेट घातले तर हिरवट पाणी थोड्याच वेळात गंजासारखे तांबूस होते, आणि तसे पाणी फवारून उपयोग नाही. दोन्ही फवारण्या एकत्र करू नका, चुन्याने लोह खाली बसते. नवती कोवळी असताना, ऊन उतरल्यावर फवारा. जमिनीतून द्यायचेच असेल तर झिंक सल्फेट डीएपी खतात मिसळू नका, त्यातल्या स्फुरदामुळे (फॉस्फरसमुळे) जस्त अडकते.

फवारणीने यंदाची नवती सुधारेल, पुढची पुन्हा पिवळी येऊ शकते. म्हणून माती तपासून घ्या. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी नमुना लोखंडी खुरप्याने खरवडून जस्ती बादलीत भरू नका, भांड्याचेच लोह-जस्त अहवालात येते. लाकडी खुंटी आणि प्लास्टिकचे घमेले वापरा. अहवालात जस्त ०.६ आणि लोह ४.५ पीपीएमच्या (दहा लाख भागांतले भाग) खाली असेल तर कमी समजा.

प्रश्न : कपाशीची पाने लाल होताहेत. हेही लोहच का?

उत्तर : नाही. जुनी पाने शिरा हिरव्या ठेवून लाल होत असतील तर बहुधा मॅग्नेशियम. १० लिटरला १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट फवारा. पण आधी पान उलटून बघा. कडा मुरडलेल्या आणि खाली तिरके पळणारे तुडतुडे दिसले, तर बंदोबस्त त्यांचा करायचा.