पोर्टिसहेड बँडचं 'ग्लोरी बॉक्स' आणि अलेसिया काराचं 'हिअर' या गाण्यांच्या मागे तेच संगीत कसं? हे कॉपी-पेस्ट नाही का?

कान बरोबर आहेत तुमचे. आणि ट्रिकी या रॅपरचं 'हेल इज राउंड द कॉर्नर'ही ऐका, तिथेही तेच आहे. मूळ तुकडा अमेरिकी गायक आयझॅक हेझच्या १९७१ च्या 'ब्लॅक मोझेस' अल्बममधल्या 'आइक्स रॅप टू'चा. पोर्टिसहेड आणि ट्रिकी दोघेही इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे, दोन्ही गाणी १९९४-९५ ची. अलेसिया काराचं 'हिअर' २०१५ चं.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण 'कॉपी-पेस्ट' हा शब्द वाचून डोकं फिरलं, म्हणून पुढचं.

जुन्या गाण्यातून उचललेल्या अशा तुकड्याला सॅम्पल म्हणतात. ड्रमचा तुकडा कोणीही कापतो. ठोका पडला, संपला, कापा. संथ व्हायोलिनच्या ताफ्याचं तसं नसतं. शेवटच्या सुराची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, पुढच्या समेवर सांडलेली असते. पहिलंच आवर्तन उचलून लूप केलंत, म्हणजे पुन्हापुन्हा फिरवलंत, तर ती आस दर फेरीला समेवर तुटते आणि भोक पडल्यासारखं ऐकू येतं. म्हणून दुसरं आवर्तन घ्यायचं: त्याच्या पहिल्या मात्रेवर मागच्या सुराची आस आधीच असते, सांधा आपोआप जुळतो. हेझच्या तुकड्यात अडचण अशी की तो त्यावर बोलतो, गाण्याचं नावच ते सांगतं. आवाज नसलेली जागा मिळेल तेवढीच आपली. सांध्यावर २० ते ५० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक टोक विरताना दुसरं चढवणं) पुरतो. फार लांबवलात, तर तेच सूर एकमेकांवर चढून आवाज पोकळ होतो.

मग लय. १९७१ चा वाद्यवृंद क्लिक ट्रॅकला, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरावीक टिकटिकीला, बांधलेला नसे, त्यामुळे चार मात्रा कधी किंचित लांब, कधी किंचित आखूड. ठोके संगणकाच्या समान अंतराच्या ग्रिडवर घट्ट बसवले की चौथ्या फेरीला व्हायोलिन मागे रेंगाळतात. उपाय एकच: लूपला सम धरून ठोके त्याच्याभोवती बसवायचे. वेग ६० वरून ६६ बीपीएम (मिनिटाला ठोके) केला, म्हणजे १० टक्के, तर साध्या पद्धतीने, म्हणजे नुसतं जोरात फिरवून, पट्टी १.६५ अर्धस्वर चढते. ही कुठलीच पट्टी नव्हे. वर नेहमीच्या ट्यूनिंगचा बेस (खर्जाची गिटार) वाजवलात की तो बेसूर लागणारच, आणि शिव्या मात्र गायिकेला. बेस आणि गिटार सॅम्पलला लावून घ्या, उलटं नको. टाइम-स्ट्रेचने, म्हणजे सॉफ्टवेअरने फक्त वेग बदलला, तर पट्टी जागेवर राहते, पण व्हायोलिनला पाण्यातून आल्यासारखी थरथर येते.

मूळ बेस राहू दिला तर नवा बेस त्याच्याशी भांडतो, म्हणून सॅम्पलचा १५०-२०० हर्ट्झखालचा भाग आधी काढून टाकायचा. इथे एक अपवाद: बेसची उतरती चाल हाच तुकड्याचा प्राण असेल, जसा या हेझच्या तुकड्यात आहे, तर तो काढू नका, त्याच्याच वाटेने जा.

ज्यांना हे माउसची दोन बटणं वाटतं, त्यांनी एसपी-१२०० हा जुना सॅम्पलर (तुकडे साठवून वाजवणारं यंत्र) आठवावा. १९८७ चं यंत्र: १२ बिट, २६ किलोहर्ट्झ, एकूण मेमरी सुमारे दहा सेकंदांची, एका तुकड्याला जेमतेम अडीच. ६० च्या लयीत चार मात्रांनाच चार सेकंद लागतात. मग ३३ ची तबकडी ४५ वर फिरवून भरायची, की अडीच सेकंदांत जवळजवळ ३.४ सेकंदांचं संगीत मावतं, आणि यंत्रात पाच अर्धस्वर खाली आणायचं. तरीही आवर्तन दोन तुकड्यांत भरावं लागेच. या उतरवण्यात साडेनऊ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गळून जातं. आज लोक ज्या धुरकट आवाजासाठी पैसे देऊन प्लगिन (संगीत-सॉफ्टवेअरचे जोड) घेतात, तो असा मेमरी वाचवताना मिळालेला आहे.

"एवढंच असेल तर स्वतः वाजवा ना" म्हणणारेही भेटतात. पोर्टिसहेडने तेही केलंय. स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित केलं, त्याची तबकडी काढली, ती जमिनीवर घासून खराब केली आणि त्यातून सॅम्पल घेतलं. वाजवता येत होतं, तरी तबकडीचा आवाज हवा होता. आणि हेझच्या एकाच तुकड्यावर पोर्टिसहेडची गायिका बेथ गिबन्स विनवते, ट्रिकी पुटपुटतो, कारा पार्टीत कोपऱ्यात बसून वैतागते. कॉपी-पेस्टने तीन वेगळी माणसं निघत नाहीत.

चोरी होतच नाही असं नाही. ट्रुथ हर्ट्स या अमेरिकी गायिकेच्या २००२ च्या 'अॅडिक्टिव्ह'मध्ये 'ज्योति' चित्रपटातल्या 'थोडा रेशम लगता है'तला लताबाईंचा आवाज सरळ घेतला होता आणि संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव कुठेच नव्हतं. २००३ मध्ये अमेरिकी न्यायालयाने नाव टाकल्याशिवाय विक्री करायची नाही असा आदेश दिला. ते योग्यच झालं. 'ग्लोरी बॉक्स' आणि 'हिअर'च्या श्रेयात मात्र हेझचं नाव रचनाकारांमध्ये आहे.

स्वतः करणार असाल तर परवानग्या दोन: ध्वनिमुद्रणाच्या मालकाची आणि रचनेच्या मालकाची. नव्याने वाजवलंत तर पहिली लागत नाही, दुसरी लागतेच. 'काही सेकंद चालतात' असा नियम कुठेच नाही. अमेरिकेतच २००५ मध्ये एका अपील न्यायालयाने दोन सेकंदांच्या गिटारलाही परवाना हवा असं सांगितलं, आणि २०१६ मध्ये दुसऱ्याने ०.२३ सेकंदाचा ट्रम्पेटसारखा ठोका क्षुल्लक म्हणून सोडून दिला. मी वकील नाही. गाणं विकायचं असेल तर एखादा गाठा.