ऑक्सिजन गेला की दार उघडतं

चि.,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पोलाद करताना ऑक्सिजन फुंकण्याचा ब्लो व्यवस्थित, कार्बन हवा तेवढा, आणि तरी लेडलच्या, म्हणजे तयार पोलाद ओततो त्या बादलीच्या, नमुन्यात नायट्रोजन चढलेला. रात्र कन्व्हर्टरचे (जिथे ब्लो होतो त्या भट्टीचे) आकडे चाळण्यात गेली म्हणतोस. मला वाटतं, तू भलत्याच भांड्यात शोधतोयस.

कन्व्हर्टरमध्ये नायट्रोजन सहसा उतरतो. लान्समधला, म्हणजे फुंकण्याच्या नळीतला, ऑक्सिजन ध्वनीच्या दुपटीच्या आसपासच्या वेगानं आदळतो, हॉट मेटलमधला (वितळलेल्या कच्च्या लोखंडातला) चार-साडेचार टक्के कार्बन जळतो आणि कार्बन मोनॉक्साइडचे बुडबुडे उसळतात. नव्या बुडबुड्यात नायट्रोजन नसतो, हायड्रोजनही नसतो. म्हणून धातूतले हे वायू त्यात शिरतात आणि त्याच्यासोबत बाहेर पडतात. फुंकून पोलाद करण्याची रीत आणणाऱ्या बेसेमरनं 1856 मध्ये हवाच फुंकली होती. त्या पोलादाच्या ठिसूळपणात नायट्रोजनचाही हात होता. 1952 साली ऑस्ट्रियातल्या लिंझमध्ये शुद्ध ऑक्सिजनवरचं उत्पादन सुरू झालं, तेव्हा कुठे ते दुखणं आवरलं.

आता टॅपिंगकडे, म्हणजे कन्व्हर्टरमधून लेडलमध्ये धार ओतण्याकडे, ये. 0.05 टक्के कार्बनला ब्लो थांबवलास तर धातूत निदान 0.04 टक्के ऑक्सिजन उरतो. आपण त्याला शत्रू समजतो, पण तो पृष्ठभागावर गर्दी करून बसलेला असतो. नायट्रोजनचा रेणू धातूत तसाच शिरत नाही; आधी पृष्ठभागावर त्याचे दोन अणू व्हावे लागतात, आणि त्यासाठी जागा लागते. गंधकही अशीच जागा अडवतो. तू धार सुरू होताच सगळं ॲल्युमिनियम टाकलंस, की ऑक्सिजन काही पीपीएमवर (दहा लाखांत काही भागांवर) येतो, पृष्ठभाग मोकळा होतो आणि धारेनं ओढलेली हवा आयती आत शिरते. (ही घोडचूक मीही केलीय, तीही मोठ्या आत्मविश्वासानं.) पोलादाच्या ग्रेडला चालत असेल तर धातू अर्धवट किल करूनच, म्हणजे त्यातला थोडाच ऑक्सिजन काढून, टॅप कर, उरलेलं ॲल्युमिनियम लेडल भरल्यावर दे.

हायड्रोजनची वाट वेगळी. तो येतो ओलाव्यातून: चुना, दमट फेरोअलॉय (पोलादात घालायचे लोखंडाचे मिश्रधातू), नीट न तापवलेली नवी लेडल. पाण्याचा रेणू फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही धातूत जातात. साहजिकच आधीचा ऑक्सिजन जितका कमी, तितका हायड्रोजन जास्त शिरतो. म्हणजे इथेही किल केलेलंच पोलाद गाफील सापडतं. हायड्रोजनचे केसासारखे तडे जाड फोर्जिंगमध्ये (ठोकून घडवलेल्या तुकड्यांत) कधी कधी काही दिवसांनी दिसतात, तोवर ती हीट (भट्टीची ती खेप) कुणाच्या लक्षातही नसते.

डीगॅसरवर, म्हणजे व्हॅक्यूमखाली वायू काढणाऱ्या यंत्रावर, भिस्त ठेवण्याआधी सीव्हर्ट्सचा नियम आठव. हे वायू अणुरूपात विरघळतात, त्यामुळे विद्राव्यता दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. दाब शंभरपट उतरवला तर विद्राव्यता दहापटच घटते. 1600 अंशांना एक वातावरण दाबाखाली द्रव लोखंडात साधारण 25 पीपीएम हायड्रोजन मावतो. एक मिलिबारला हा आकडा एकच्याही खाली जातो, आणि हायड्रोजन चपळ असल्यानं निघतोही. नायट्रोजन मात्र चिवट. जो गंधक त्याला आत येताना अडवतो तोच बाहेर जाताना आडवा येतो. तेव्हा व्हॅक्यूम सांभाळून घेईल या आशेवर टॅपिंग ढिलं सोडू नकोस.

पुढच्या पाच हीट्सना टॅपिंगच्या आधी आणि लेडल भरल्यावर, असे दोन्ही नमुने काढ. धार घट्ट पडते की फाटते तेही बघ, आणि टॅपहोल (धार पडते ते भोक) शेवटचं कधी बदललं ते आकड्यांसोबत लिहून पाठव.