वकिली की पत्रकारिता?

प्रश्न : मुलगी बारावी आर्ट्सला आहे. तिला पत्रकार व्हायचंय, पुढे चरित्रं लिहायचीत. आम्ही म्हणतो, एलएलबी कर. ती इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचा मित्र आणि चरित्रकार जॉन फॉर्स्टर याचं उदाहरण तोंडावर फेकते : ‘त्यानं वकिली केली का?’ काय करावं? – एक आई, मिरज

उत्तर : ताई, तुमच्या मुलीनं माणूस झकास निवडलाय, पण अर्धाच सांगितलाय. न्यूकॅसलच्या गुरांच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा लंडनला कायदाच शिकायला आला होता. 1843 मध्ये त्यानं बॅरिस्टरची सनदही घेतली. पोट मात्र भरलं वृत्तपत्रांवर : आधी ‘एक्झामिनर’ या लंडनच्या साप्ताहिकात नाटकांची परीक्षणं, 1847 पासून तिथलंच संपादकपद. लेखक ऑलिव्हर गोल्डस्मिथचं चरित्र त्यानं 1848 मध्ये, ही नोकरी सांभाळूनच काढलं.

पुढचं ती सांगत नसेल. 1855 मध्ये संपादकपद सोडून तो मनोरुग्णालयांवर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाचा सचिव झाला. पुढच्याच वर्षी एका प्रकाशकाच्या श्रीमंत विधवेशी लग्न केलं (हा मार्ग मी सुचवत नाहीये!). डिकन्सचं तीन खंडांतलं चरित्र आलं 1872 ते 74 मध्ये. चरित्रलेखनावर घर चालेल, असं तेव्हाही कुणी धरून चालत नव्हतं. तुम्हीही धरू नका.

म्हणून भांडण आत्ता मिटवा. तिला इतिहास किंवा मराठी घेऊन बीए करू द्या. पदवीनंतर सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएलबी करता येतं, ती वाट बंद होत नाही. आणि कायदा शिकलेल्या पत्रकाराला कोर्टाच्या बातम्या करताना त्याचा फायदाच होतो.

तिची खरी कुवत मात्र कागदपत्रांसमोर कळेल. डिकन्स लहानपणी बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात राबला, हे वाचकांना फॉर्स्टरमुळे कळलं, कारण डिकन्सनं स्वतःच्या हातानं लिहिलेला मजकूर त्याच्याकडे होता. पण याच गृहस्थानं मित्राच्या पत्रांतले हवे ते तुकडे कात्रीनं कापून हस्तलिखितात चिकटवले. एलेन टर्नन ही नटी डिकन्सच्या आयुष्यात बरीच वर्षं होती, चरित्रात तिचं नाव येतं ते शेवटी जोडलेल्या डिकन्सच्या मृत्युपत्रात. मैत्री होती, म्हणून माहिती मिळाली आणि मैत्री होती म्हणूनच ती दडलीही. मला विचाराल तर या धंद्यातलं सगळ्यात अवघड दुखणं हेच.

या सुट्टीत तिला घरातल्याच एखाद्या दिवंगत माणसावर दोन हजार शब्द लिहायला सांगा. पत्रं, सातबारा, नोकरीचे कागद, जे असेल ते तिच्या हवाली करा. नातेवाईक ‘हे लिहू नकोस’ म्हणतील. तेव्हा ती काय करते, ते मला कळवा.