पोरगी आठवी झाली, आता बास?

"डोक्यात काही शिरंना झालंय मॅडम. आठवी झाली, आता बास की." बीडकडून आमच्या कोल्हापूर भागात ऊसतोडीला आलेल्या एका आईचं हे म्हणणं. असं विचारणारे आईबाप दर हंगामात भेटतात. पोरगी शेजारीच मान खाली घालून बसली होती. गणिताच्या तासाला घाम फुटतो, एवढंच बोलली.

मी तिला गणित घातलं नाही. घरचा हिशोब विचारला. उचल किती, टनाला दर काय, किती फिटले, सगळं तोंडपाठ! मुकादमाच्या वहीतले आकडे घरात तीच तपासायची. मग शाळेचं विचारलं. दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते ती पट्टा पडल्यावरच, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावरच परतते. वर्गात बीजगणित चालायचं तेव्हा ती फडात मोळ्या बांधत असे, नाहीतर कोपीवर, म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपडीत, धाकट्याला सांभाळत. दरवर्षी अर्धं पुस्तक तिनं पाहिलेलंच नाही. अशा पोरांना 'ढ' म्हटलेलं मला सहन होत नाही.

आईला एकटीला भेटले तेव्हा खरी भीती बाहेर आली. "वयात आलेली पोर गावाकडं कुणाच्या भरवशावर ठिवू?" शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे, दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश अडवू शकत नाही. नववीच्या उंबऱ्यावर तो आधार सुटतो आणि घरात लग्नाची बोलणी सुरू होतात.

फिरस्तीच्या पोरांना कसली हायस्कूलं, असं इथले लोकही म्हणतात. त्यांना मी कोल्हापूरजवळचं वळिवडं आठवायला सांगते. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसं १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत राहिली. त्यांच्या मुलांसाठी छावणीत माध्यमिक शाळासुद्धा होती. मग आपल्याच राज्यातल्या पोरांसाठी का जमू नये?

या मुलीसाठी वसतिगृह हाच मार्ग दिसला. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ पासून संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. त्यांच्या तालुक्यात जागा आहे का, याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करायला वडिलांना सांगितलं. नाव गावच्या शाळेतून काढायचं नाही, हेही ठरलं. गणित सहावीच्या पुस्तकापासून सुरू केलंय. आईची एकच अट आहे: वसतिगृह आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघणार, तिथल्या बाईंशी बोलणार, मगच सही. मला ती अट पूर्ण रास्त वाटते.